रोजच्या रामरगाड्यात व्यायाम कुठे कोंबायचा (ठाणे-ऐरोली अपडाऊन करणाऱ्या बाईचा अनुभव)

पहिलीच गोष्ट कबूल करून टाकते, मी पहाटे उठून व्यायाम करणारी बाई नाही. पहाटे उठते, पण डब्यांसाठी. नवऱ्याचा डबा, मुलाचा डबा, माझा डबा, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं, आणि त्यातच पाण्याची वेळ. त्यामुळे कोणी मला "अगं तासभर लवकर ऊठ, बघ कसं फ्रेश वाटतं" असं सांगितलं ना की मी मनात एवढंच विचारते, की बाबा रे तुझ्या पोळ्या कोण लाटतं?

तर हे ज्यांच्या पोळ्या दुसरं कोणी लाटत नाही त्यांच्यासाठी आहे. पुरुषांनीही वाचायला हरकत नाही, लोकल सगळ्यांना सारखीच चेंगरते.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी पण जिम लावली होती. नवीन वर्षाची ऑफर, अख्ख्या वर्षाचे १२,५०० रुपये एकदम भरले, नवीन बूट, नवीन बाटली, सगळं. गेले किती वेळा तर ११. म्हणजे एका खेपेला हजाराच्या वर पडले, तेवढ्यात तर बहिणीला साडी झाली असती. जिमची चूक काहीच नव्हती. चूक ही की मी दिवसात तासाभराची मोकळी जागा आहे असं धरून चालले होते, आणि ती जागा माझ्या दिवसात नव्हतीच, आजही नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे अकरा झाले एवढंच.

आता मुळात लागतो किती वेळ ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलंय ते असं, की मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी, किंवा दमवणारी असेल तर ७५ ते १५० मिनिटं, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लागेल असं काहीतरी. १५० भागिले ७ केलं की रोजची २१-२२ मिनिटं येतात. तास नाही! आणि आधी असं म्हणायचे की सलग १० मिनिटं तरी झाली पाहिजेत तर ती धरायची, ती अट यावेळी काढून टाकली. म्हणजे पाच मिनिटांचा जिनासुद्धा हिशोबात धरायचा. मला हे कळलं तेव्हा खरं तर थोडा रागच आला, की हे आधी कोणी का नाही सांगितलं.

मध्यम म्हणजे किती, तर चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढं. घड्याळ-बिड्याळ नको. दुसरी खूण, मिनिटाला साधारण १०० पावलं. १५ सेकंदात २५ मोजा, झालं. आणि ते दहा हजार पावलांचं भूत डोक्यातून काढा आधी, १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याचं नावच "दहा हजार पावलं मोजणारं" अशा अर्थाचं होतं, तिथून तो आकडा जगभर पसरला. जास्त चाललात तर चांगलंच आहे, पण सहा हजार झाले म्हणून दिवस वाया गेला असं काही नसतं.

आता करायचं काय. आधी तीन दिवस फक्त लिहून काढा. ॲप वगैरे काढत बसू नका, मी दुधाचा हिशोब लिहिते त्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. काम काय काय केलं ते नाही लिहायचं हं, ते आपल्याला पाठ असतं. फक्त वाट कुठे कुठे बघितली ते लिहायचं. रिक्षाची, लिफ्टची, कुकरची, मुलाच्या क्लासबाहेर, ऑफिसात मीटिंगला बाकीचे जॉईन होईपर्यंत. माझं तीन दिवसांचं लिहून झालं आणि बेरीज केली तर दिवसाला चाळीस मिनिटांच्या वर नुसती वाट बघण्यात जात होती. त्यातली सगळी काही वापरता येत नाही, लोकलमध्ये शिरायलाच जिथे मारामार तिथे कसला आलाय व्यायाम. पण अर्धी जरी हाताला लागली तरी काम झालं.

माझी सगळ्यात मोठी वाट होती संध्याकाळच्या शेअर रिक्षाची. मी पाचपाखाडीत राहते, ऑफिस ऐरोलीला. ट्रान्सहार्बरची गाडी, म्हणजे नवी मुंबईहून येणारी लोकल, ठाण्याला लागते ९-१० नंबरला म्हणजे पार ईस्टला, कोपरीच्या बाजूला, तिथून अख्खा ब्रिज ओलांडून वेस्टला यायचं, सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाच्या, खालून बाहेर पडायचं आणि रिक्षाच्या लाईनीत उभं राहायचं. एका पावसाळी संध्याकाळी लाईन एवढी की हलेचना. माझ्या पुढे एक बाई होत्या, दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या, त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं, "जाऊ दे मेलं" म्हणाल्या आणि सरळ चालायला लागल्या. मी मात्र थांबले. वीस मिनिटांनी रिक्षा मिळाली, पुढे जाऊन सिग्नलला जी अडकली ती अडकलीच, आणि बाजूने बघते तर एक ओळखीची पिशवी चाललीये, कोथिंबिरीची जुडी बाहेर डोकावतेय! त्याच बाई. म्हणजे त्या वाटेत कुठेतरी अजून काहीतरी घेत, रमतगमत आल्या असणार, तरी माझ्या बरोबरीला. मी पैसे देऊन बसले होते आणि त्या फुकट चालत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी चालत. राम मारुती रोडने, तीन पेट्रोल पंपावरून, घरापर्यंत माझ्या चालीने २२-२३ मिनिटं. म्हणजे बघा, रोजचा कोटा तिथेच संपला, आणि घरी पोचायला उशीर झाला असंही नाही, लाईनीत तेवढेच जायचे. पाच दिवसांची बेरीज ११० मिनिटं. एकच कसोटीची जागा आहे, ती म्हणजे स्टेशनबाहेर पडल्या पडल्या येणारा कुंजविहारच्या वड्याचा वास. मी शुक्रवारी खाते. बाकी दिवशी मान खाली घालून पुढे जाते.

तुमचं घर घोडबंदर रोडला असेल, हिरानंदानी इस्टेट किंवा कोलशेतकडे, तर स्टेशनवरून चालत जा असं मी सांगणार नाही, वेडेपणा आहे तो. पण मग उलटं करा, बसमधून दोन स्टॉप आधी उतरा, किंवा ऑफिसच्या बाजूला चाला. नवी मुंबईत तर स्टेशन ते ऑफिस चालणं खूप जणांना जमतं आणि फूटपाथही आपल्यापेक्षा बरे आहेत, ठाणेकर असून सांगते. माझी एक मैत्रीण दिघ्याला चढते, तिने घणसोलीला उतरल्यावरची रिक्षा सोडली आणि तिचं तिथेच झालं.

चालायचं असेल तर तीन गोष्टी बदलाव्या लागतात. एक म्हणजे बूट. सँडलवर रोज वीस मिनिटं भरभर चाललात तर आठवड्यात टाच धरते, माझी धरली होती. सँडल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि येता-जाता बूट घाला, साडीवर बूट दिसतात म्हणून कोणी बघत नाही, आणि बघितलं तर बघू दे. दोन म्हणजे खांद्यावरची एकाच बाजूची पर्स बंद, सॅक घ्या. डबा, बाटली, छत्री, चार्जर एका खांद्यावर घेऊन चाललं की मान आखडते आणि मग आपण व्यायामाला दोष देतो. तिसरी म्हणजे सकाळी हे करू नका. सकाळी घाम येतो, गाडी चुकायची धाकधूक असते, दोन दिवसांत सुटतं. सकाळी फक्त ब्रिजवर सरकता जिना सोडून साध्या पायऱ्या घ्यायच्या. सरकत्या जिन्याला गर्दी असते ना, तेव्हा पायऱ्यांनी कधी कधी लवकरच पोचतो.

ऑफिसात मी काही फार करत नाही. जेवल्यावर शतपावली, तेवढी मात्र चुकवत नाही. हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, आजी-आजोबा रात्री जेवून गॅलरीतल्या गॅलरीत फेऱ्या मारायचेच, आणि आता डॉक्टरही तेच सांगतात की जेवणानंतर लगेच दहा मिनिटं साधं चाललं तरी जेवणानंतर साखर जी वर चढते ती कमी चढते, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात. पळायचं नाही, भरभर पण नाही, पोट भरलेलं असतं. नुसतं बिल्डिंगला एक चक्कर. आधी मी एकटी जायचे, आता चारजणी आहोत, आणि अर्ध्या ऑफिसच्या बातम्या तिथेच कळतात त्यामुळे कोणी दांडी मारत नाही. फोन आला तर उभं राहून घ्यायचा. बस, एवढंच ऑफिसचं.

आता स्वयंपाकघर. इथे जरा रेंगाळते कारण बायकांचा खरा वेळ इथे असतो, आणि तो कुणाकडून मागून घ्यावा लागत नाही.

वरण-भाताचा कुकर लावला की शिट्ट्या होऊन गॅस बंद करेपर्यंत दहा-बारा मिनिटं जातात. तेवढ्यात आपण काय करतो? मोबाईल बघतो किंवा उगाच ओटा तिसऱ्यांदा पुसतो. मी असं बसवलंय. पहिली शिट्टी होईपर्यंत टाचा उचलायच्या, म्हणजे ओट्याला हलके हात लावून चवड्यांवर वर जायचं, क्षणभर थांबायचं आणि हळूहळू खाली, असे पंधरा, मग दम घेऊन परत पंधरा. पहिल्या शिट्टीनंतर ओट्यावर हात टेकून तिरके दंड. गॅसपासून लांबच्या टोकाला करायचे हे, आणि आधी ओटा कोरडा करून घ्या, माझा एकदा हात सटकला होता आणि हनुवटी थोडक्यात वाचली. पाय मागे न्यायचे, अंग फळीसारखं सरळ, छाती ओट्याकडे न्यायची आणि परत ढकलायचं. आठ जमले तर आठ. दुसऱ्या शिट्टीनंतर डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची आणि हात न लावता बसायचं-उठायचं, दहा वेळा. बसताना धपकन नाही, सावकाश. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

पहिल्या दिवशी मी ओट्याला हात लावून वाकलेली असताना सासूबाई आत आल्या आणि घाबरल्याच. "अगं काय झालं, पाठ धरली का?" म्हटलं नाही हो आई, व्यायाम करतेय. त्यावर त्यांचं नेहमीचं, की आम्ही कधी व्यायाम केला, घरकाम हाच व्यायाम. यात त्यांचं बरोबर आहे आणि नाही पण. त्यांच्या काळी लादी उकिडवं बसून पुसायचे, निवडणं-टिपणं जमिनीवर, पाणी भरून आणायचं, दिवसातून शंभर वेळा उठबस. आता आपण काय करतो, तर ओट्याशी तासन् तास उभे राहतो. त्याने पाय दुखतात, दमायला होतं, पण ताकद वाढत नाही, कारण उभं राहणं म्हणजे हालचाल नव्हे. दमणं वेगळं आणि व्यायाम होणं वेगळं, हे मला पटायला बराच वेळ लागला. उलट आठवड्यातून दोनदा लादी जर खरंच उकिडवं बसून हाताने पुसली तर तो चांगलाच व्यायाम आहे, गुडघे साथ देत असतील तर करा.

ताकदीचे दोन दिवस मात्र माझे असे मधेमधे कोंबून पूर्ण होत नाहीत, मला त्याला सलग वीस मिनिटं लागतात आणि ती घरातल्यांकडून घ्यावीच लागतात. माझं खरं सांगणं इथेच आहे. वेळ नाही असं आपण म्हणतो तेव्हा अर्ध्या वेळा त्याचा अर्थ असतो की मी वीस मिनिटं बाजूला झाले तर ते काम कोणी करत नाही. हे घड्याळाने सुटत नाही. तोंड उघडून बोलावं लागतं.

आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार ठरलेत, रात्री सव्वाआठ ते आठ पस्तीस. आधी नुसतं "मला थोडा वेळ हवाय" असं मोघम म्हणून बघितलं, काही उपयोग झाला नाही, सगळे हो म्हणाले आणि पाचव्या मिनिटाला "आई माझा चार्जर कुठाय". मग नेमकं वाटून दिलं. कुकर आणि भाजी नवऱ्याची, पानं घ्यायची मुलाने, आणि त्या दोन दिवशी पोळ्या खालच्या पोळीभाजी केंद्रातून. विकतच्या पोळ्या म्हटल्यावर घरात जे चेहरे झाले ते मी सांगत नाही. पण ठाण्यात गल्लीगल्लीत ही केंद्रं आहेत ती शोभेला आहेत का? दहा पोळ्यांचे शंभरेक रुपये धरले तर वर्षाचा खर्च जवळपास माझ्या त्या जिमच्या फीएवढा होतो, फरक इतकाच की इथे मी पोळ्या पण खाल्ल्या आणि व्यायाम पण झाला. भाजी पहिले दोन महिने खारट होती. आता बरी असते.

त्या वीस मिनिटांत काय, तर आधी चार-सहा सूर्यनमस्कार सावकाश, बारा स्थिती नीट घेत, त्याने अंग गरम होतं. मग खुर्चीची उठबस, दंड (आता जमिनीवर गुडघे टेकून घालते), पाठीवर झोपून पाय दुमडून कंबर उचलायची, आणि दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन हातात घेऊन कमरेत किंचित वाकून कोपर मागे ओढायचे. प्रत्येकाचे दहा-बारा, दोन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, आरामात होत असतील तर वजन वाढवा, बाटल्यांच्या जागी पाच किलोची पिठाची पिशवी सॅकमध्ये घालून घ्या. आयुर्वेदात अर्धशक्ती म्हणतात, म्हणजे आपल्या ताकदीच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करायचा, कपाळावर, नाकावर घाम आला, तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं. सुरुवातीच्या महिन्याला हे माप एकदम बरोबर आहे. पहिल्याच दिवशी जीव तोडून केलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही आणि तिसऱ्या दिवशी बंद पडतं.

बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल किंवा बरीच वर्षं काहीच केलं नसेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि करताना छातीत दाब, चक्कर असं काही वाटलं तर तिथेच थांबून दाखवायला जा. शुगर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालायला जाताना खिशात साखर ठेवा.

शनिवार-रविवार मी फार प्लॅन करत नाही. कचराळी तलाव आम्हाला जवळ, महापालिकेच्या ऑफिससमोरच, नाव कसंही असलं तरी तलाव छान आहे. सकाळी तिथे इतके काका लोक असतात की ट्रॅकवर ओव्हरटेक करायला हॉर्न पाहिजे, म्हणून मी संध्याकाळी जाते. वर्तकनगर-वसंतविहारकडच्यांना उपवन आहे. महिन्यातून एकदा येऊरला जातो, चढ असल्यामुळे वीस मिनिटांत चांगला दम निघतो, पण उजेडातच जा आणि उजेडातच परत या, ते संजय गांधी उद्यानाचं जंगल आहे आणि बिबटे खरोखरचे आहेत. कुटुंबाला घेऊन गेलात तर व्यायामही होतो आणि "रविवारी पण घरात नसतेस" हे ऐकावं लागत नाही.

आणि मोडणार हे धरूनच चाला. गणपतीत मोडतं, मुलाच्या परीक्षेत मोडतं, मार्च एंडला मोडतं, कामवाली गावाला गेली की मोडतं. माझं गेल्या गणपतीत आधीची साफसफाई धरून तीन आठवडे सगळं बंद होतं. अशा वेळी पूर्ण वेळापत्रक परत एकदम सुरू करायला जाऊ नका, सगळ्यात छोटी गोष्ट आधी परत आणा. माझी कुकरची आहे, कारण भात तर रोज होतोच. चार दिवस ती झाली की चालणं आपोआप परत येतं, आणि मंगळवार-शुक्रवार सगळ्यात शेवटी. सोमवारपासून, एक तारखेपासून असं ठरवू नका, बुधवारी रात्री कुकर लागतोच ना.

पावसाळ्याचं तेवढं राहिलं. धो धो असेल तेव्हा मी चालत नाही, सरळ रिक्षाच्या लाईनीत उभी राहते आणि घरी आल्यावर बिल्डिंगचा जिना तीनदा चढते. चढताना भरभर, उतरताना कठडा धरून सावकाश, कारण ओल्या चपलांनी सगळ्यांनी जिना निसरडा केलेला असतो. रिमझिम असेल तर छत्री घेऊन चालते. बूट भिजतात मग. घरी आल्या आल्या आतली तळाची गादी काढून वेगळी वाळत टाकायची, बुटात जुनं वर्तमानपत्र चुरगाळून कोंबायचं, तासाभराने ते ओलं झालेलं काढून दुसरं कोंबायचं आणि रात्रभर पंख्याखाली आडवे ठेवायचे, सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. गॅसजवळ वाळवायला ठेवू नका, माझ्या एका जोडीचा सोल तसाच सुटला.